खांब तिसरा, पुलाखाली

"काकू, या गावात स्वेटर घालतं कोण?"

माझ्या धंद्यात मला हा प्रश्न जितक्या वेळा विचारला गेला तितक्या वेळा कुणी लोकरीचा भावही विचारला नसेल. प्रश्न खोटा नाही. आपल्याकडं आठ महिने उन्हाळा आणि उरलेले चार महिने त्याची तयारी. अशा गावात, गुलमंडीच्या एका बोळात, दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतील एवढ्या जागेत मी लोकरीचं दुकान टाकलं आणि अठ्ठावीस वर्षं चालवलं. वरच्या माळ्यावर दुपारी विणकामाचा क्लास. लोक हसले, हसू दे. थंडी पडो न पडो, दिवाळी सरली की आई पोराला कानटोपी घालणारच. माझं दुकान थंडीवर कधीच चाललं नाही, आयांच्या काळजीवर चाललं.

मला हे कुणी शिकवलेलं नाही. गंगापूरकडच्या आमच्या खेड्यात सुई म्हणजे गोधडीची. लग्न होऊन शहरात आले, तेव्हा शेजारच्या बाईंनी फेकायला काढलेला एक स्वेटर मी मागून घेतला. तो घालायला घेतला नव्हता. रोज दुपारी त्याची एकेक ओळ उसवायची आणि धागा कुठून निघून कुठं जातो ते बघत बसायचं. सासूबाई म्हणायच्या, "सून हुशार म्हणून आणली, ही तर चांगल्याची चिंधी करतीय." पण सांगायचं ते हे की मी विणायच्या आधी उसवायला शिकले, आणि पुढं मला तेच उपयोगी पडलं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साडीचं कापड उभ्या आणि आडव्या धाग्यांचं असतं. एक तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. सुयांवर विणलेल्या स्वेटराचं तसं नाही. तिथं मागचा भाग घ्या नाहीतर बाही घ्या, सगळा कारभार एका धाग्याचा. प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या गळ्यात हात घालून उभा असतो. वरचा सुटला की खालचा सुटतो. म्हणून शेवटच्या ओळीचे टाके बंद करून गाठ मारतात, आणि ती गाठ आतल्या बाजूला अशी लपवतात की विणणारीशिवाय कुणाला सापडू नये.

दुसरी गोष्ट माप. मापाशिवाय मी सुईला टाका चढवत नाही, मग समोर कुणीही असो. एक गृहस्थ आले. बायकोला न सांगता तिच्यासाठी स्वेटर करायचा होता. म्हटलं, माप? त्यांनी भर दुकानात हवेला मिठी मारून दाखवली, "एवढी." मी त्यांना तसंच हात पसरून उभं ठेवलं आणि टेपनं मिठी मोजली. स्वेटर बरोबर बसला. पुढं एका देवळाचे पुजारी आले, थंडीत देवाला स्वेटर पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, माप आणा.

"बाई, देवाचं माप काढत नसतात."

"मग ढगळ झाला तर देव मला बोलेल का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी विड्याच्या पानात गुंडाळून दोन दोरे घेऊन आले, एक छातीचा, एक उंचीचा. वर कानटोपीसाठी तिसरा दोरा मागाहून पाठवला.

तर मी देवालाही मापाशिवाय विणलं नाही. पण एकदा विणलं. त्याचीच गोष्ट लिहायला बसले आहे.

दुकानात रोज लोकरीचे तुकडे पडायचे. टोकं, गाठी, क्लासमधल्या पोरींनी खराब केलेले गुंते. ते मागायला पारूबाई यायची. उशीत भरायला. वयानं माझ्याएवढीच, हाडापेरानं मजबूत, भंगार वेचायची. क्रांती चौक मागं टाकून पुढं गेलं की एक उड्डाणपूल लागतो. कुठला ते सांगत नाही, कारण पुढं ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली पाहिजे. त्या पुलाखाली पाच खांब, आणि तिसऱ्या खांबाशी पारूबाईचा संसार. दोन बोचकी, एक ताडपत्री, तीन विटांची चूल. नवरा तिथंच वारला. पोरीचं लग्न तिनं तिथूनच लावून दिलं. घरकुलासाठी तिनं अर्जही केला होता, एकदा नाही, चारदा. दर वेळी पत्त्याचा रकाना रिकामा म्हणून परत यायचा. घर मागायला आधी घर लागतं, हे मला तिच्याकडून कळलं.

मी दुकान बंद केलं तेव्हा लोकरीची सहा पोती उरली होती, ती घरी आणली. क्लास गच्चीवर सुरू ठेवला. अकरा जणी यायच्या. त्यात आमच्या रझिया आपा, क्रोशाच्या कामात माझ्यापेक्षा वरचढ, आणि मंगल, जिची वेणीची वीण बघून दुकानदारही थांबायचे. पारूबाई तुकड्यांसाठी आता गच्चीवर यायला लागली. एका डिसेंबरात ती आली ती पोतडी न घेता. हातात कुणीतरी दिलेलं वर्तमानपत्र होतं.

"काकू, यात दिगूतात्याचं आलंय म्हनं. वाचा बरं."

मी वाचलं. चार ओळी होत्या. पुलाखाली अनोळखी वृद्धाचा थंडीनं मृत्यू.

"अनोळखी?" ती म्हणाली. "धा वर्सं माज्या उशाला झोपत व्हता. जालन्याकडला, दिगंबर नाव, चहात साखर लई लागायची. अनोळखी कसा? मला इचारायचं ना कुनी."

अकरा जणींच्या सुया थांबल्या. रझिया आपा म्हणाल्या, "काकू, अपन उस पुल के नीचे से रोज जाते. मैंने कभी नजर उठाके देखी नै." आपांनी ते स्वतःला म्हटलं, पण लागलं सगळ्यांना. ज्या गावात थंडीच नाही असं लोक मला अठ्ठावीस वर्षं ऐकवत होते, त्या गावात माणूस थंडीनं गेला होता, आणि माझ्या घरात सहा पोती लोकर पडून होती.

पहिला विचार तोच, जो तुम्हाला आला असेल. स्वेटर वाटा, पांघरुणं वाटा. ती आम्ही वाटली. पण मंगलचं म्हणणं असं की वाटून होतं काय, वाटणारा फोटो काढतो आणि जातो, आणि पुलाखालून जाणाऱ्याला तिथं माणसं आहेत हे तरीही दिसत नाही. तेव्हा ठरलं, खांबच मढवायचे. असे रंगीत, की मान वळलीच पाहिजे. आणि तिसऱ्या खांबावर, डोळ्याच्या उंचीला, विणलेली अक्षरं: इथं माणसं राहतात.

खांबाचं माप घ्यायला गेलो तर शिंप्याची टेप पाव खांबालाही पुरेना. मग घरून माझी सहावारी आणली, ती लावली, पदर दोन हात कमी पडला. रस्त्यानं जाणारे बघत होते, या बायका खांबाला साडी का नेसवतात म्हणून. अक्षरं विणण्यासाठी गणिताची चौकटीची वही घेतली, एक चौकट म्हणजे एक टाका, आणि 'माणसं'मधल्या 'ण'नं मंगलला तीन वेळा रडवलं. रझिया आपांनी क्रोशाची फुलं केली, ताटाएवढी. दोन महिने अकरा घरांत भाकरी कमी आणि लोकर जास्त, अशी परिस्थिती.

पहिला खांब मढवला आणि चार दिवसांत फजिती झाली. लोकर टांगली की स्वतःच्या वजनानं लांबते. खांद्याच्या उंचीला लावलेली फुलं गुडघ्यावर आली. खांबानं मोजे घातल्यासारखं दिसायला लागलं. आम्ही सगळ्या शिकलेल्या बायका डोकं धरून बसलो.

पारूबाई चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, "मधी मधी नाड्या बांधा की. ताडपत्री कशी धरती? वरून टांगली की फाटती. दर हाताला एक दोरी पायजे." तिनं स्वतः बांधून दाखवलं. मग पाचही खांब तसेच झाले. पुलाखालच्या माणसांनी चढायचा लाकडी घोडा धरला, दोऱ्या ओढल्या, आम्ही शिवलं. त्या आठ दिवसांत आम्हाला सगळ्यांची नावं कळली.

आणि झालं काय, तर गाव लोटलं. मुलं-मुली येऊन फुलांना टेकून फोटो काढायला लागली. नवरा-नवरी लग्नाआधीचे फोटो काढायला आली. मान वळली हो सगळ्यांची, पण ती फुलांकडं. फोटोत बोचकं येत असेल तर "मावशी, जरा बाजूला सरका" म्हणायचे, आणि पारूबाई सरकायची.

एक समिती आली. चौक सुंदर करणाऱ्या लोकांची. त्यांचे प्रमुख, त्यांना मी साहेबच म्हणते, वागायला अतिशय गोड. म्हणाले, "काकू, तुम्ही शहराचं नाव काढलंत. फक्त तो मजकूर जरा बोचतो. पाहुणे येतात. तेवढा काढला तर बाकीच्याची जबाबदारी आमची." मी विचार केला, फुलं तर राहतायत. अक्षरं उतरवून दिली. तेव्हाच कुणीतरी माझा हात धरायला हवा होता.

पण माझी खरी चूक पुढची. लोक पाकळ्या ओढायचे. कुणी पान खाऊन थुंकलं. एकानं आख्खं फूल कापून मोटारसायकलच्या हँडलला बांधलं. माझा जीव खालीवर व्हायचा. दोन महिने डोळे फोडून केलेलं काम. मी सुवाच्य अक्षरात समितीला अर्ज लिहिला: आमच्या कलाकृतीची निगा राखण्यात यावी, तिला कुणी हात लावू नये अशी व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती. खाली सही. 'कलाकृती' हा शब्द लिहिताना मला बरं वाटलं होतं, हेही कबूल करते.

पंधरा दिवसांनी पारूबाई गच्चीवर आली. पायरीवरच बसली, वर आली नाही.

"काकू, तुमच्या फुलांनी आमाला उठिवलं."

खांबांभोवती साखळी लागली होती, कुंड्या आल्या होत्या आणि एक राखणदार बसला होता. खांबाला टेकायचं नाही, तिथं चूल पेटवायची नाही, धुरानं कलाकृती काळी पडते. बोचकी रस्त्याच्या कडेला काढून ठेवली होती. पारूबाई आता एसटी स्टँडवर बसत होती, तिथून दर दोन तासांनी उठवत होते.

"धा-बारा वर्सांत कुनी उठिवलं नव्हतं," ती म्हणाली. "गाड्यांचा धूर चालायचा खांबाला. माज्या चुलीचा नाय चालत." मग म्हणाली, "तुमी मुद्दाम केलं नाय, म्हाईत हाय मला. पन झालं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी खांबांची मापं साडीनं घेतली होती. तिला झोपायला किती जागा लागते, चुलीला किती लागते, ते माप मी घेतलंच नव्हतं. मापाशिवाय विणलं आणि ते तिच्या गळ्याला बसलं.

समितीच्या कार्यालयात गेले. साहेबांनी चहा मागवला आणि माझाच अर्ज माझ्यापुढं ठेवला.

"तुमच्याच विनंतीवरून केलं, काकू."

"मग माझ्याच विनंतीवरून काढा. साखळी, कुंड्या, राखणदार. मी दुसरा अर्ज देते."

"असं कसं? आता ते शहराचं झालं. आणि येत्या रविवारी तिथंच तुमचा सत्कार आहे, शाल-श्रीफळ. सकाळी अकराला."

"पारूबाई कुठं बसेल सत्काराला?"

"कोण पारूबाई?"

मी चहा तसाच ठेवून उठले.

गच्चीवर सगळ्या जमलो. मी म्हटलं, अर्जात लिहिलंय कलाकृतीला हात लावू नये. कलाकृतीच नसेल तर राखणदार कशाची राखण करील? कुणाला समजायला वेळ लागला नाही. मंगल रडायला लागली. दुसरा खांब सगळा तिच्या वेणीचा होता, तशी वीण तिनं आयुष्यात पुन्हा केली नसती.

"माझा नका हो उसवू. मी कापून घरी नेते पाहिजे तर."

"तो राहिला तर साखळी राहील, मंगल."

"दुसरं काही सुचतच नाही का तुम्हाला?"

"सुचत असेल तर तू सांग."

रझिया आपांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रोती कायकू? धागा कईं भाग के जाता क्या? अपने पासच रहता. चोटी फिर डालेंगे." मंगल म्हणाली, "आपा, तुम्हाला काय जातंय, तुमची फुलं वेगळी काढता येतात." त्यावर आपा म्हणाल्या, "मेरे फूल पहले उधेडो. सबसे पहले." मंगलनं हो म्हटलं नाही, पण रविवारी साडेदहाला पहिली तीच हजर होती.

मंडप, खुर्च्या, माईक, सगळं होतं. साहेबांचं प्रास्ताविक सुरू होतं. मी व्यासपीठावर गेलेच नाही. पर्समधून छोटी कात्री काढली आणि साखळीवरून पाय टाकून तिसऱ्या खांबापाशी गेले. राखणदार उठला. "काकू, हात लावायचा नाही." मी म्हटलं, "बाळा, माझ्याच अर्जावर तू बसलायस. बस." तो बसला.

गाठ कुठं लपवलीय ते मला माहीत होतं. शिवण सोडवली, दोऱ्या सोडवल्या, गाठ कापली आणि धागा ओढला. विणलेलं उसवताना एक आवाज येतो, बारीक, पाऊस पत्र्यावर सुरू व्हायच्या आधी येतो तसा. ओळीमागून ओळ सुटायला लागली. बाकीच्या जणी आपापल्या खांबापाशी गेल्या. खुर्च्या ओढून बसल्या आणि सुटलेल्या लोकरीचे गुंडे करायला लागल्या. सूत्रसंचालक पोरगी बिचारी गोंधळली, पण माईक हातात असला की बोलावं लागतं. म्हणाली, "आता भगिनी आपल्यासमोर विणकामाचं प्रात्यक्षिक सादर करत आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही उसवत होतो आणि मंडपात टाळ्या. अर्धा खांब उघडा पडल्यावर टाळ्या थांबल्या.

साहेब धावत आले. त्यांचा गोडवा पहिल्यांदाच सुटला. "काकू, हे समितीचं नुकसान आहे. मी तक्रार करीन."

"करा. लोकर माझ्या दुकानाची, टाके या अकरा जणींचे. तुमच्या कुंड्या तुमच्या, त्यांना मी हात लावला नाही."

"पण का?"

"तिसऱ्या खांबाशी एक बाई राहते. तुम्ही विचारलं होतं ना, कोण पारूबाई म्हणून? ती ही." पारूबाई मंडपाच्या कडेला बोचकं घेऊन उभी होती. मी तिला बोलावलं नव्हतं, आपांनी बोलावलं होतं. सगळ्या खुर्च्या तिच्याकडं वळल्या. ती अजिबात अवघडली नाही. साहेबांना म्हणाली, "राम राम साहेब. तुमी चालू द्या, मी बसते." आणि पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली.

दुसऱ्या खांबाचा शेवटचा गुंडा मंगलनं स्वतः गुंडाळला. दोन महिन्यांचं काम दीड तासात संपलं. पाच खांब पुन्हा सिमेंटचे झाले. राखणदार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, मी आता कशाची राखण करू?" मी म्हटलं, "तेच साहेबांना विचार." आठ दिवसांत राखणदार दुसरीकडं गेला आणि साखळी सैल पडली. एक दिवस ती नव्हतीच. कुंड्या आहेत अजून. त्यातल्या दोनांत पारूबाईनं कोथिंबीर लावलीय.

शाल मला मिळाली नाही. नको होती. माझ्याकडं शालींची कमी नाही.

पण मन मोकळं झालं असं म्हणणार नाही. उसवून तिला फक्त तिथं आणलं, जिथं ती आधी होती. पुलाखाली. मोठी मर्दुमकी नाही ती. मी तिला म्हटलं, माझ्याकडं राहा, खालची खोली रिकामी आहे. तर म्हणाली, "मी आले तर बाकीचे चौदा कुटं जातील? आन तुमच्या घरात मी पावनी. मला पावनी व्हायचं नाय, मालकीन व्हायचंय." मग म्हटलं, आता काय विणू ते तूच सांग. या वेळी मी आधी विचारलं.

"फुलं नको," ती म्हणाली. "नाव टाका."

तर त्या लोकरीच्या आम्ही पाट्या विणल्या. घराच्या दारावर असते तशी नावाची पाटी, राखाडी विणीवर लाल अक्षरं. 'पारूबाई. खांब तिसरा, उड्डाणपुलाखाली.' ज्याला जेवढी जागा झोपायला लागते तेवढी टेपनं मोजून पाटीची रुंदी तेवढी धरली. पारूबाई सिमेंटवर आडवी झाली आणि म्हणाली, "पाय पसरून मोजा, चोरून नगं." पहिली पाटी मात्र तिनं स्वतःची लावू दिली नाही. पहिली गेलेल्या दिगंबरची लावायला लावली. पंधरा माणसं, सोळा पाट्या.

या पाट्यांपुढं फोटो काढायला फारसं कुणी येत नाही. पण लोक थांबतात, वाचतात, आणि मग खाली बघतात. दोनदा कुणीतरी त्या कापून नेल्या. कापायला दोन मिनिटं लागतात, विणायला दोन दुपारी. पण मी धरून आम्ही बारा आहोत आणि दुपार रोज होते. परत लावल्या. मी कुठलाही अर्ज केला नाही.

मग मी एक पोस्टकार्ड घेतलं. वर लिहिलं: पारूबाई, खांब तिसरा, उड्डाणपुलाखाली. मागच्या बाजूला लिहिलं: 'सप्रेम नमस्कार. पत्ता बरोबर आहे का ते बघण्यासाठी हे पत्र पाठवत आहे. मिळाल्यास निरोप द्यावा.' पाचव्या दिवशी पोस्टमन स्कूटर थांबवून पाट्या वाचत वाचत तिसऱ्या खांबापर्यंत आला. पारूबाई म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला शोधत आलं ते उठवायला नव्हे.

मागच्या महिन्यात ती, मी आणि रझिया आपा घरकुलाचा पाचवा अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. खिडकीतला कारकून तरुण होता, वागायला सभ्य. पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "मावशी, खांब हा पत्ता होत नाही."

पारूबाईनं पदराच्या गाठीतून पोस्टकार्ड काढून खिडकीत सरकवलं. "सरकारी पोष्ट हाय. शिक्का बगा. पत्ता नाय म्हनता, मग ह्ये आलं कसं?"

त्यानं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. शिक्का बघितला. आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. आम्ही तिघी खिडकी धरून उभ्या. मागं रांग वाढत होती. आपा मागच्यांना म्हणाल्या, "जल्दी है तो बैठो, हम हटते नै." शेवटी तो खुर्चीवर बसला आणि त्यानं पत्ता लिहून घेतला, जसा होता तसा. म्हणाला, "मंजूर होईल का ते मी सांगू शकत नाही. वरून ठरतं."

"वरचं वर बगू," पारूबाई म्हणाली.

"आणखी एक रकाना आहे. या पत्त्यावर किती दिवस राहणार?"

"तुमी घर देस्तोवर."

त्याचं पेन थांबलं. "असंच लिहू?"

"असंच लिहा. आन मला वाचता येत नाय, तवा लिवून झालं की मोठ्यानं वाचून दाखवा."

त्यानं लिहिलं. मग मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं.